हाकोने, जपान: मियानोशिताच्या फुजिया हॉटेलबद्दल सल्ला हवा आहे

सांजवारा

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या मध्यावर टोकियोहून क्योतोला जाताना वाटेत दोन रात्री हाकोनेला थांबायचा बेत आहे. आम्ही दोघं आणि सासू-सासरे. एकदाच जायचं तर जुन्या, नामांकित ठिकाणी राहावं म्हणून मियानोशिताचं फुजिया हॉटेल डोक्यात आहे. जाणकारांनी कृपया सांगावं:

खोली कुठल्या इमारतीत घ्यावी? संकेतस्थळावर चार-पाच नावं आहेत आणि फोटो सगळेच देखणे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, जिने फार नकोत. सासूबाई शाकाहारी आहेत, दूध आणि केकमधलं अंडं चालतं. चार मोठ्या बॅगा आहेत. खोलीतून फुजी दिसतो का? आणि मुळात पैसे वसूल होतात का?

---

वास्तुपुरुष

फुजीचं आधी सांगतो, म्हणजे अपेक्षाभंग नको. मियानोशिता हायाकावा नदीच्या दरीत आहे, चहूबाजूंनी डोंगर. हॉटेलातून फुजी दिसत नाही. खिडकीतून फुजी हवा असेल तर हे हॉटेल नाही.

इथे माणसं येतात ती इमारती बघायला, त्यामुळे इमारत आधी ठरवा, खोलीचा आकार नंतर. हॉटेल १८७८ सालचं. यामागुची सेन्नोसुके यांनी एक जुनी सराई विकत घेऊन परदेशी पाहुण्यांसाठी ते सुरू केलं. १८८३ च्या आगीत मियानोशिता जळलं, त्यात पहिली इमारतही गेली. आज उभं आहे ते त्यानंतरचं, आणि प्रत्येक भाग वेगळ्या काळातला:

होनकान, म्हणजे मुख्य इमारत, १८९१ ची. दारावर देवळासारखा वळणदार छताचा पोर्च आणि त्याच्या मागे पाश्चात्त्य धाटणीच्या उभ्या खिडक्या. स्वागतकक्ष इथेच. खोल्या कमी, छत उंच, लाकडी जमीन. वरच्या मजल्यावर कोणी चाललं तर ऐकू येतं, ते लाकडी इमारतीत यायचंच.

सेइयोकान म्हणजे १९०६ च्या दोन जुळ्या इमारती, कम्फी लॉज आणि रेस्टफुल कॉटेज. पांढऱ्या भिंती, वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या. दिसायला या सर्वांत युरोपीय.

काकेइदेन, ज्याला फ्लॉवर पॅलेस म्हणतात, १९३६ ची. पोस्टकार्डावर असते ती हीच, लाल कठड्यांची, देवळाच्या छपराची. प्रत्येक खोलीला एका फुलाचं नाव आणि आतल्या सजावटीत तेच फूल. खोल्या प्रशस्त, खिडक्या मोठ्या, आणि भावही त्याप्रमाणे.

फॉरेस्ट विंग १९६० ची. बाहेरून साधी, पण बहुमजली आणि लिफ्टची.

२०१८ ते २०२० हॉटेल बंद ठेवून सगळ्याची भूकंपरोधक दुरुस्ती झाली, जुलै २०२० मध्ये परत उघडलं. त्यामुळे २०१८ च्या आधीच्या परीक्षणांत 'नळ जुने, खोल्या मळकट, हीटर आवाज करतो' असं वाचलंत तर ते सोडून द्या.

आता गुडघ्यांचं. हॉटेल उतारावर बांधलंय. इमारती बोळांनी जोडलेल्या आहेत, पण मधे पायऱ्या आणि चढ येतात. एका इमारतीचा दुसरा मजला शेजारच्या इमारतीच्या पहिल्याला लागतो, असा प्रकार. तुम्हाला दोन खोल्या लागणारच, तर सासू-सासऱ्यांना फॉरेस्ट विंग आणि तुम्ही काकेइदेन, अशी विभागणी करू नका. रोज सकाळी एकमेकांना शोधत बसाल. दोन्ही खोल्या एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर मागा. आरक्षण झाल्यावर ईमेल करा आणि 'पायऱ्या आहेत का' असं मोघम न विचारता तीन रस्ते विचारा: स्वागतकक्ष ते खोली, खोली ते भोजनगृह, खोली ते बाग. प्रत्येक रस्त्यावर किती पायऱ्या, लिफ्ट कुठे. असं विचारलं की जपानी हॉटेलं नेमकं उत्तर देतात. मोघम विचारलं तर 'कृपया काळजी घ्या' एवढंच येतं.

रस्त्याकडची खोली टाळा, असंही त्यातच लिहा. हॉटेलासमोरून राष्ट्रीय मार्ग क्र. १ जातो आणि शनिवार-रविवारी त्यावर मोटरसायकलवाल्यांची वर्दळ असते. बागेकडच्या खोल्या शांत.

---

रुळावरून

प्रवासाचं मी घेतो.

टोकियोहून दोन वाटा. शिंजुकूहून ओदाक्यू या खासगी रेल्वेची रोमान्सकार गाडी थेट हाकोने-युमोतोला, साधारण ८०-९० मिनिटं. किंवा टोकियो स्थानकावरून शिंकान्सेनने ओदावारा, ३५ मिनिटांच्या आसपास, आणि तिथून लोकलने युमोतो, १५ मिनिटं. चार माणसं आणि एक गुडघेदुखीवाले असताना रोमान्सकार बरी, बदल एक कमी. सगळी आसनं आरक्षित असतात, तिकिटं एक महिना आधी सकाळी १० ला (जपानी वेळ) सुटतात. जीएसई गाडीच्या दोन्ही टोकांना ड्रायव्हरच्या खाली काचेच्या डब्यात १६-१६ आसनं असतात, ती काही मिनिटांत संपतात. ती नाही मिळाली तर हळहळू नका, खरी मजा पुढच्या गाडीत आहे.

रोमान्सकार युमोतोच्या पुढे जातच नाही, कारण तिचे रूळ १०६७ मि.मी. आणि हाकोने तोझान या डोंगरी रेल्वेचे १४३५ मि.मी. गाडी बदलावीच लागते. तोझान गाडी दोन-तीन डब्यांची, चढ ८० पर मिल, म्हणजे साडेबारा मीटर गेलं की एक मीटर वर, तेही दातेरी रुळाशिवाय. आपल्या नेरळ-माथेरानचा सर्वांत तीव्र चढ विसास एक आहे, त्यावरून अंदाज घ्या. युमोतो ते मियानोशिता दरम्यान तीन ठिकाणी गाडी थांबते, ड्रायव्हर आणि गार्ड प्लॅटफॉर्मवरून चालत जाऊन जागा बदलतात आणि गाडी उलट्या दिशेने वर चढते. आपल्याकडे भोर घाटात १९२९ पर्यंत अशीच व्यवस्था होती. वळणं इतकी तीव्र (३० मीटर त्रिज्या) की चाकं रुळांना घासतात. एवढ्या चढावर रुळांना तेल लावलं तर चाकं घसरतील, म्हणून गाडी स्वतःच्या टाकीतलं पाणी रुळांवर सोडत जाते. गाडी थांबलेली असताना खाली बघा, पाणी ठिबकताना दिसतं.

ही गाडी लहान आणि नोव्हेंबरात खचाखच. मोठी बॅग घेऊन चढणं म्हणजे स्वतःचे आणि इतरांचे हाल. बॅगांचे दोन मार्ग:

मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलातूनच ताक्युबिनने (सामान पोहोचवणारं कुरिअर) थेट क्योतोच्या हॉटेलात पाठवा. स्वागतकक्षावर फॉर्म मिळतो, मुक्कामाची तारीख आणि आरक्षणाचं नाव लिहायचं. साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचतात, तरी एक दिवस हातचा ठेवा. तुम्ही मधे दोन रात्री असणार, तेव्हा वेळ भरपूर आहे. औषधं, पासपोर्ट आणि दोन दिवसांचे कपडे पाठीवरच्या पिशवीत.

नाहीतर युमोतो स्थानकावर सामान पोहोचवणारी सेवा आहे. दुपारी साडेबाराच्या आत बॅगा दिल्या तर त्या दुपारी हाकोनेतल्या हॉटेलात येतात. साडेबारा म्हणजे साडेबारा. शिंजुकूहून ११ नंतर निघालात तर ही सोय गेली.

मियानोशिता स्थानक ते हॉटेल सात मिनिटं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते चालणाऱ्याच्या पायाने. स्थानक रस्त्याच्या वर आहे, आधी उतार, मग रस्त्याच्या कडेने. स्थानकाकडे परत जाताना तोच उतार चढ होतो. सासऱ्यांसाठी युमोतोहून टॅक्सी किंवा एच मार्गाची तोझान बस घ्या. वाहतूक नसेल तर वीसेक मिनिटांत पोहोचते आणि हॉटेलाजवळ थांबते. एकजण बॅगा घेऊन बसने, बाकीचे रेल्वेने, असंही करता येईल.

एक सापळा: शिंजुकूच्या बस टर्मिनलवरून 'हाकोने हायवे बस' सुटते, स्वस्त दिसते. ती गोतेंबामार्गे सेंगोकुहारा आणि तोगेंदाईला, म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या अंगाला जाते. मियानोशिताला येत नाही.

---

सांजवारा

अप्रतिम माहिती, वाचनखूण साठवली. दोन शंका. आरक्षणाच्या पानावर दिसतो तो भाव खोलीचा की माणशी? आणि तारखांमध्ये दोन-चार दिवस इकडेतिकडे करता येतात, तर कुठले टाळावेत?

---

निशीकासाईकर

भावात भारतीय मंडळी हमखास फसतात. जपानी पानावर 'एक रात्र, दोन जेवणं' असा दर असेल तर तो बहुतेक वेळा माणशी असतो. समजा ४०,००० येन दिसले, तर तुमच्या चौघांचे एका रात्रीचे १,६०,०००, दोन रात्रींचे ३,२०,०००. परदेशी आरक्षण संकेतस्थळांवर तीच खोली खोलीच्या दराने आणि बिनजेवणाची दिसते, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना केली की उत्तर चुकतं. सेवाशुल्क आणि विक्रीकर धरलाय का ते बघा. गरम झऱ्याच्या गावात माणशी किरकोळ स्नानकर वेगळा लागतो, तो काउंटरवर भरायचा.

वार फार महत्त्वाचा. शनिवारची आणि सुट्टीच्या आदल्या दिवसाची रात्र सर्वांत महाग, रविवार ते गुरुवार उतरती. नोव्हेंबरात ३ आणि २३ तारखेला राष्ट्रीय सुट्टी असते. त्या शनिवार-रविवारला लागून आल्या तर हाकोनेकडे फिरकू नका. तुम्ही मध्यावर जाताय ते ठीक, फक्त सोमवार-मंगळवार किंवा मंगळवार-बुधवार धरा.

पानगळीचे रंग वरून खाली उतरत येतात. आधी सेंगोकुहारा आणि आशी तळ्याच्या बाजूला, मग गोरा गाव, मग मियानोशिता आणि शेवटी युमोतो. महिन्याच्या मध्यानंतर गेलात तर हॉटेलाच्या आसपासही रंग मिळतील. सेंगोकुहाराचं तुऱ्यांचं सोनेरी गवतही नोव्हेंबरात असतं.

इतर वाचकांसाठी: २ आणि ३ जानेवारीला विद्यापीठांची हाकोने एकिदेन दौड याच रस्त्यावरून, हॉटेलाच्या दारावरून जाते. २ ला धावपटू चढतात, ३ ला उतरतात. दौड जात असताना रस्ता बंद. बघायची असेल तर याहून चांगली जागा नाही, पण त्या रात्रींच्या खोल्या फार लवकर जातात. नुसती सुट्टी म्हणून जाणार असाल तर अडकून पडाल.

---

मीठभाकर

शाकाहाराबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण इथेच सर्वांची गाडी अडते.

'व्हेजिटेरियन' हा शब्द जपानी स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ 'ताटात मांसाचे तुकडे नकोत' एवढाच उरतो. रस्सा, सॉस आणि सूप कशावर उकळलंय ते कोणाच्या लक्षात येत नाही. जपानी पदार्थांत कात्सुओ माशाचा दाशी (अर्क), फ्रेंच पदार्थांत कोंबडीचं किंवा गोमांसाचं सत्त्व. फुजियाचं मुख्य जेवण फ्रेंच आहे आणि सासूबाईंसाठी ती इष्टापत्ती. फ्रेंच स्वयंपाकघरात लोणी, साय, चीज, बटाटा, मशरूम यांवर वेगळा बेत बसवता येतो. काइसेकीमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी बहुपदार्थी जेवणात, दाशी काढून टाकला तर जेवणाचा पायाच निघून जातो, त्यामुळे तिथे नकार येतो किंवा उकडलेल्या भाज्या. म्हणून दोन्ही रात्री मुख्य भोजनगृहच घ्या. किक्कासो हे हॉटेलचं जपानी भोजनगृह १८९५ च्या शाही निवासात आहे. वास्तू बघण्यासारखी, पण सासूबाईंना तिथे जेवायला नेऊ नका.

आरक्षणासोबतच लिहून कळवा आणि जाण्याआधी आठवडाभर पुन्हा खात्री करा. ऐन संध्याकाळी सांगितलंत तर सॅलड आणि पाव येईल, आणि तेही फार नम्रपणे. यादी अशी द्या:

नको: मांस, कोंबडी, मासे, कोळंबी-शिंपले, माशाचा दाशी, मांसाचं सत्त्व किंवा बुइयोन, जिलेटीन, प्राण्यांची चरबी.
चालतं: दूध, लोणी, चीज, साय, मध, कांदा, लसूण, मशरूम, सोया, तोफू.
अंडं: केक-बिस्किटात चालतं, ऑम्लेट नको.

'चालतं' ही ओळ गाळू नका. ती नसेल तर आचारी घाबरून सगळंच वगळतो. जिलेटीन मुद्दाम लिहिलंय. मूस, पन्ना कोत्ता, थंड पुडिंग यांत ते सर्रास असतं आणि गोड पदार्थाकडे कोणी संशयाने बघत नाही.

फुजियाची करी प्रसिद्ध आहे. भारतीय माणूस 'करी' वाचून भुलतो. तिचा रस्साच मांसाच्या सत्त्वावर होतो, तुकडे बाजूला काढून भागत नाही. बेकरीतल्या करी-पावाचंही तेच. बेकरीचं नाव पिको, रस्त्याच्या बाजूलाच आहे. सासूबाईंसाठी तिथून मनुकांचा पाव घेता येईल. हॉटेलात न राहणाऱ्यालाही पिको आणि चहाचा लाउंज खुला असतो, त्यामुळे नुसती चव आणि वास्तू हवी असणाऱ्यांचं तेवढ्यात भागतं.

चिठ्ठी जवळ ठेवा, बाहेर फिरताना उपयोगी पडते: 'निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. कात्सुओ नो दाशी मो, निकु नो सूपु मो दामे देस.' बोलून दाखवण्यापेक्षा हॉटेलातल्या कोणाकडून जपानी लिपीत कागदावर लिहून घ्या. सोबा-उदोनच्या दुकानात मात्र ही चिठ्ठी दाखवली की नकारच येणार, रस्सा दाशीचाच असतो. दुपारच्या जेवणाचे पर्याय कमी आहेत, म्हणून टोकियोतून निघताना निशीकासाईच्या भारतीय दुकानांतून ठेपले, चिवडा, लोणचं घेऊन ठेवा. भोजनगृहात डबा उघडायचा नाही, हे सांगायला नको.

मुख्य भोजनगृहाची खोली १९३० ची. जेवायला बसलात की वर बघा. छताच्या लाकडी चौकटींत ६३६ प्रकारच्या पर्वतीय वनस्पती रंगवल्या आहेत. मग खांबाच्या तळाशी बघा. तिथे उग्र चेहरे कोरले आहेत. तिसरे अध्यक्ष यामागुची शोझो यांचा तो चेहरा, कर्मचाऱ्यांवर नजर ठेवायला, असं सांगतात. पोशाख नीटनेटका लागतो. हाफ पँट, चप्पल, खोलीतला युकाता (सुती झगा) चालत नाही. साडी उत्तम, फक्त वर शाल असू द्या.

---

घाटमाथा

थोडा विरोधी सूर लावतो. 'पैसे वसूल होतात का' याला सरसकट हो म्हणणं बरोबर नाही.

जपानी डोंगराळ गावातल्या ऐषारामाबद्दल मनात जे चित्र असतं (तातामी म्हणजे गवती चटयांची जमीन, उघड्यावरचं गरम पाण्याचं कुंड, खोलीत येणारं जेवण, वाकून नमस्कार करणारी यजमानीण) ते फुजियात मिळणार नाही. हे पाश्चात्त्य धाटणीचं हॉटेल आहे, पलंग, टेबल-खुर्ची, काटे-चमचे. १८९३ साली शेजारच्या नाराया सराईशी त्यांचा करारच झाला होता: फुजियाने परदेशी पाहुणे घ्यायचे, नारायाने जपानी. तो १९१२ पर्यंत चालला. नाराया २००१ साली बंद पडली. स्थानकाजवळ त्याच नावाचं कॅफे आहे, पाय बुडवायचं कुंड आहे, जाता-येता बसायला चांगलं.

तर तुम्हाला हवंय काय ते ठरवा. कुंड आणि तातामी हवं असेल तर गोराकडचे र्योकान, म्हणजे पारंपरिक जपानी सराया, बघा, पण तिथे काइसेकी, म्हणजे सासूबाईंचा प्रश्न परत आला, आणि जमिनीवर बसणं-उठणं म्हणजे सासऱ्यांचा. जुनं पाश्चात्त्य हॉटेलच हवं, गर्दी नको असेल तर निक्कोचं कानाया (१८७३) किंवा कारुइझावाचं मानपेइ (१८९४) आहे. फुजियाच्या भोजनगृहाचे ते शोझो मूळचे कानाया घराण्यातलेच, जावई म्हणून इकडे आले. कारुइझावाला शिंकान्सेन थेट जाते, स्थानकापासून सपाट रस्ता, गुडघ्यांना तेच सोयीचं. मात्र दोन्ही ठिकाणं टोकियोच्या उत्तरेला. क्योतोच्या वाटेवर हाकोनेच पडतं, हे फुजियाच्या बाजूने.

दोन रात्रींऐवजी एकच रात्र काकेइदेनमध्ये आणि दुसरी क्योतोला वाढवा, असं माझं मत. हॉटेल नीट बघायला दुपारी तीन ते दुसऱ्या दिवशी अकरा पुरतं.

---

वास्तुपुरुष

घाटमाथा यांच्या बऱ्याचशा म्हणण्याला अनुमोदन, एका रात्रीला नाही. साठीपुढच्या माणसांना रोज हॉटेल बदलणं हाच खरा त्रास. शिवाय नोव्हेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. तीनला खोली ताब्यात घेऊन चहा होईपर्यंत बागेत अंधार. बाग मागच्या उतारावर आहे, पाणचक्की, तळं, काचघर. वाट पायऱ्यांची, ओली असली की निसरडी. ती दुसऱ्या दिवशी सकाळीच बघावी. निवासी पाहुण्यांना इमारतींचा इतिहास सांगणारा फेरफटका असतो, त्याची वेळ आल्याआल्या विचारून नाव द्या.

कुंडाबद्दल एक भर. फुजियाच्या खोल्यांतल्या टबातच झऱ्याचं पाणी येतं. सर्वांसमोर वस्त्रं उतरवून नाहायला आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी तयार नसतात. सासू-सासऱ्यांसाठी हे कुठल्याही उघड्या कुंडापेक्षा सोयीचं आहे. गोंदण असणाऱ्यांनाही अडचण नाही. मियानोशिताचं पाणी खारं, नितळ, जवळजवळ बिनवासाचं. ओवाकुदानीकडचं दुधी, गंधकाचं पाणी वेगळं. त्यात चांदी काळी पडते, तेव्हा तिकडे कुठे पाय बुडवणार असाल तर जोडवी-पैंजण आधी काढून ठेवा. खाऱ्या पाण्याने अंग बराच वेळ ऊबदार राहतं, पण पाणी कडक असतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर दहा मिनिटांवर बसू नये, जेवल्याजेवल्या तर नकोच. टबात साबण लावायचा नाही, आधी बाहेर अंग धुऊन मग उतरायचं.

---

सांजवारा

दोन रात्रीच ठेवते, दोन्ही खोल्या एका मजल्यावर. मधल्या पूर्ण दिवसाचं काय? सगळेजण रेल्वे, रोपवे, जहाज असं वर्तुळ सांगतात. सासऱ्यांना झेपेल का? सासूबाईंना थोडा दमाही आहे.

---

रुळावरून

दम्याचं कळलं ते बरं झालं. वर्तुळातला मधला टप्पा ओवाकुदानी, म्हणजे जिवंत ज्वालामुखीचं तोंड. तिथे हायड्रोजन सल्फाइड आणि सल्फर डायऑक्साइड सतत बाहेर पडतात. दमा, श्वसनविकार, हृदयविकार आणि पेसमेकर असणाऱ्यांनी जाऊ नये, असे फलक तिथे लावलेले आहेत. रोपवे त्याच दरीवरून जातो. नुसतं डब्यात बसून पार करू, हा विचार नको. वायूचं प्रमाण वाढलं की रोपवे थांबतो, वाऱ्यामुळेही थांबतो, आणि मग सगळी गर्दी बदली बसच्या रांगेत.

म्हणून तुमच्यासाठी वर्तुळ कापून दोन तुकडे करतो.

सकाळी मियानोशिताहून रेल्वेने वर, दोन स्थानकं, चोकोकु-नो-मोरी. तिथे १९६९ पासूनचं उघड्यावरचं शिल्पसंग्रहालय आहे, पिकासोचं वेगळं दालन आहे, पाय बुडवायचं कुंड आहे. उतार आहेत पण वाटा बांधीव, बाकं जागोजाग. उघडताना पोहोचा, दोन-अडीच तास द्या. परत मियानोशिताला. स्थानकाचा चढ सकाळी नको असेल तर जाताना टॅक्सी, परतताना रेल्वे, कारण परततानाचा रस्ता उताराचा.

दुपारी एच बसने थेट मोतो-हाकोने, तळ्याकाठी. वाटेत राष्ट्रीय मार्ग १ चा सर्वांत उंच बिंदू लागतो, ८७४ मीटर. थंडी मियानोशिताहून जास्त, जाकीट हवं. तळ्याकाठी जुने देवदार, जवळच १६१९ सालच्या तपासणी नाक्याची २००७ मध्ये पूर्ण झालेली पुनर्बांधणी, आणि आकाश मोकळं असेल तर फुजी. पाण्यातल्या लाल तोरीसमोर, म्हणजे देवस्थानाच्या कमानीसमोर, फोटोची रांग असते, ती टाळून कडेकडेने चाला, तोच देखावा दिसतो. जहाज हवंच तर मोतो-हाकोने ते तोगेंदाई आणि त्याच जहाजाने परत.

तळ्यावरून तीनच्या आत निघा. मार्ग १ आणि १३८ मियानोशिताला मिळतात आणि त्या चौकात दुपारनंतर गाड्या तुंबतात. नोव्हेंबरच्या शनिवार-रविवारी बस तासभर रांगेत उभी राहू शकते, आणि वळणांवर थांबत-चालत गेली की ओकारीही येते. सासऱ्यांना पुढचं आसन द्या, लिमलेटच्या गोळ्या ठेवा.

पासचं: ओदाक्यूचा 'हाकोने फ्रीपास' दोन किंवा तीन दिवसांचा, शिंजुकूपासून किंवा ओदावारापासून. तुम्ही परत टोकियोला जात नाही, म्हणून ओदावारापासूनचा बघा. त्यात तोझान रेल्वे, केबल कार, रोपवे, समुद्री चाच्यांच्या रूपातलं जहाज आणि तोझान बस येतात. रोमान्सकारचं जादा भाडं येत नाही. वरच्या बेतात केबल कार आणि रोपवे दोन्ही नाहीत, तेव्हा आधी सुट्या तिकिटांची बेरीज करा, पास महाग पडू शकतो. आणि तळ्याकाठी इझु-हाकोने या दुसऱ्या कंपनीच्याही बस आहेत, त्याच रस्त्याने जातात, पण तिथे हा पास चालत नाही. चढण्याआधी बसवरचं नाव बघा.

क्योतोला निघताना: ओदावाराला नोझोमी ही सर्वांत जलद शिंकान्सेन थांबत नाही. कोदामा सगळ्या थांबतात, हिकारी मोजक्याच. थेट हिकारीची वेळ आधी बघून त्याप्रमाणे हॉटेल सोडा, दोनेक तासांत क्योतो. ती चुकली तर कोदामाने नागोया आणि तिथून नोझोमी. मियानोशिता ते ओदावाराला सकाळी बसने एक तास धरा, कागदावर कितीही कमी दिसला तरी.

---

मीठभाकर

दमा आहे तर हॉटेलला लिहिताना आणखी एक ओळ घाला: खोलीत पिसांच्या उशा नकोत, आणि धूम्रपान-निषिद्ध खोलीच हवी. इन्हेलर ताक्युबिनच्या बॅगेत नको.

---

सांजवारा

ईमेलचा मसुदा तयार करते: तीन रस्त्यांच्या पायऱ्या, बागेकडच्या दोन खोल्या, नको-चालतं यादी, उशा. इंग्रजीत लिहिलं तर चालेल ना?

---

निशीकासाईकर

चालेल. छोटी वाक्यं, क्रमांक घालून, आणि सर्वांत वर आरक्षण क्रमांक, मुक्कामाच्या तारखा आणि पासपोर्टवर आहे तसंच नाव. सासूबाईंचं नाव जेवणाच्या यादीसमोर वेगळं लिहा, नाहीतर चौघांनाही शाकाहारी ताट येतं.